पश्चिमेची गॅलरी

"गॅलरी पूर्वेलाच घ्यायची," असं म्हणून शामकांतनं टिश्यूचं पाकीट ताटलीच्या एका बाजूनं उचललं आणि दुसऱ्या बाजूला ठेवलं.

"काका, परत तेच?" प्रसन्ननं कपाळाला हात लावला. "आपल्या मॅचेस संध्याकाळी असतात. पूर्वेला बसणाऱ्याच्या थेट तोंडावर ऊन. गोल झाला की नाही ते काय शेजाऱ्याला विचारायचं?"

कोल्हापूरपासून समुद्रापार, मरीन परेडच्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाड्यांमधलं, ते कोपऱ्यातलं टेबल. प्राट्याची, म्हणजे इथल्या पराठ्याची, रिकामी ताटली म्हणजे मैदान, तेहचे, म्हणजे इथल्या दुधाच्या चहाचे, दोन कप म्हणजे गोल आणि टेबल अडवायला ठेवलेलं टिश्यूचं पाकीट म्हणजे गॅलरी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजचं स्टेडियम गेले काही रविवार इथं बांधलं आणि मोडलं जात होतं. पलीकडच्या टेबलावरच्या चिनी आजी गालात हसायच्या. हसेनात का. फुटबॉल म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला काळवेळ राहत नाही, तर देशाची काय कथा.

शामकांत साठीला टेकला होता. आधी जहाजांवर इंजिनिअर, आता जहाज दुरुस्तीच्या यार्डात. कॉलेजात असताना गोलकीपर. प्रसन्न त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आयटीत. सेंगकांगहून रविवारी एमआरटीची मेट्रो आणि बस करत फक्त भांडायला यायचा. आणि तिसरी अनघा. तीही त्याच कॉलेजची, इथं स्ट्रक्चरल इंजिनिअर. घरचीच मुलगी म्हणून कॉलेजच्या ट्रस्टनं स्टेडियमचं डिझाइन तिच्यावर सोपवलं होतं. त्यामुळे या टेबलावरची भांडणं नुसती हवेतली नव्हती. अनघा कागदावर काढेल तसं तिकडे उभं राहणार होतं.

"वारा पश्चिमेकडून येतो," शामकांत म्हणाला. "पावसाचे सपकारे येतात. पश्चिमेची गॅलरी गळणार."

"पावसात कुठली मॅच, काका?"

"शिवाय पाण्याचा निचरा आहे. उतार तिकडेच आहे. गॅलरीच्या पायात पाणी मुरेल."

अनघानं मान वर केली. उतार दक्षिणेला होता. हे तिला ठाऊक होतं आणि शामकांतलाही. जन्मभर पंप आणि पाइप बघितलेला माणूस निचऱ्याबद्दल असं काही बोलतो म्हणजे काय! प्रसन्न मात्र रंगात आला. "काका, पूर्वेला बसणाऱ्यांना तुमच्यातर्फे गॉगल वाटू या," म्हणाला. शामकांतनं हसायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

"उद्या मला ड्रॉइंग पाठवायचंय, काका," अनघा हळूच म्हणाली. "खरं काय ते सांगा ना."

"खरंच सांगतोय," म्हणून तो उठला आणि तेह अर्धवट टाकून घरी निघाला.

खरं ते असं होतं. मैदानाच्या पश्चिमेला, कुंपणाला लागून दोन खोल्यांचं एक घर आहे. तिथं शामकांतचा थोरला भाऊ रवींद्र राहतो. सगळं गाव त्याला रवीमास्तर म्हणतं. कॉलेजच्या टीमला त्यानं वर्षानुवर्षं घडवलं. मग, प्रसन्न आणि अनघा कॉलेजातून बाहेर पडल्यावर, एका पावसाळ्यात स्कूटरवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून खाट आणि खाटेला लागून मैदानाकडची खिडकी, एवढंच त्याचं जग. पण त्या खिडकीचा मान मोठा. कुठलीही मॅच असो, सुरू होण्याआधी कॅप्टन चेंडू घेऊन खिडकीशी येतो. मास्तर गजांतून हात बाहेर काढतो, अंगठ्यानं चेंडू दाबून बघतो आणि "घ्या" म्हणतो. मग शिट्टी. पाहुणी टीमसुद्धा तोवर गप उभी असते.

ट्रस्टनं हायवेलगतच्या जागेवर स्टेडियम आणि जुन्या मैदानावर हॉस्टेल असं काढलं, तेव्हा शामकांतचं धाबं दणाणलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या पलीकडे न गेलेला माणूस एका बोटानं लांबलचक मेसेज लिहायला लागला. जुनं मैदान, जुनी माती, पोरांना चालत येता येतं, हायवेला कोण मरायला जाईल. शेकडो माजी विद्यार्थी त्याच्या बाजूनं झाले. ट्रस्टनं माघार घेतली. त्या रात्री त्यानं सुमित्राला, म्हणजे बायकोला, गुलाबजाम करायला लावले होते.

आणि पुढच्याच रविवारी अनघानं पहिलं ड्रॉइंग उघडलं. चार मजली उंचीची गॅलरी, पश्चिमेला. सूर्य पाठीशी ठेवून बसायचं, साधी गोष्ट. दादाच्या खिडकीच्या तोंडासमोर सिमेंटची पाठ. जिंकायच्या नादात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढं भांडून त्यानं काय मिळवलं, तर हॉस्टेलच्या भिंतीऐवजी गॅलरीची भिंत.

"सांगून टाका की त्यांना," सुमित्रा म्हणाली. "पोरं चांगली आहेत."

"काय सांगू? माझ्या भावाला दिसावं म्हणून सगळ्या गावानं उन्हात डोळे बारीक करून बसा?" त्याचा आवाज चिरकला. "लाज वाटते गं. आणि दादापुढं भिंत उभी राहिली तर त्याहून लाज वाटेल."

शेवटी सुमित्रानंच फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं अनघाला सगळं सांगितलं. खिडकी, चेंडू, अंगठा. तीही त्या मैदानावर ओरडून ओरडून घसा बसवून घरी गेलेली मुलगी होती.

"मधे फट ठेवता येईल का बघते," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नाही, नेमका तिथंच जिना येतो. काका, मी गॅलरी पूर्वेला काढते. ट्रस्टला काय कारण द्यायचं ते माझ्यावर सोडा. मास्तरांसाठी एवढं तर करू शकतो आपण."

शामकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही. आणि मग त्यानं एक चूक केली. आनंद पोटात ठेवता आला नाही, लगेच कोल्हापूरला व्हिडिओ कॉल केला.

मास्तरच्या मुलीनं, निशिगंधानं, फोन उचलून वडिलांसमोर धरला. पाठीमागून मैदानातला गलका ऐकू येत होता. प्रॅक्टिस चालली होती.

"काय रं शामा, आज लई खुशीत?"

शामकांतनं सांगितलं. गॅलरी पूर्वेला होणार, तुझी खिडकी शाबूत राहणार, काळजी मिटली. बोलता बोलता लक्षात आलं की दादा हसत नाहीये.

"मला इचारलंस?"

"दादा, तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी व्हय? आरं, पूर्वेला बसल्यावर माणूस कुणाकडं तोंड करून बसंल? माझ्या घराकडं. सांजच्याला हातानं डोळं झाकून बसायचं, आन् समोर माझी खिडकी. ह्यो म्हातारा बघतोय म्हणून आपण उन्हात, असं म्हणत्याल. तोंडावर न्हाई म्हणायची, चांगली हाईत माणसं. पर मनात म्हणत्यालच की. त्या खिडकीतनं मी मॅच बघू व्हय?"

"कुणाला कळणार न्हाई रं. अनघा दुसरं कारण देणार हाय."

"मला कळतंय न्हवं?"

"आन् चेंडू?" शामकांतनं विचारलं. "चेंडू कुणी दाबायचा?"

मास्तरनं खिडकीकडं बघितलं. "त्यांचा त्यांनी दाबावा. किती दिवस माझा अंगठा?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "शामा, स्टेडियम रोज होत न्हाई. आपण दोघं नसताना बी पोरं तिथं बसणार हाईत. पश्चिमेलाच घे. त्या पोरीला आत्ताच सांग."

"दादा..."

"सांगतोस का मी सांगू?"

मास्तरचा हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला ठाऊक आहे, पुढं बोलण्यात अर्थ नसतो. शामकांतनं "सांगतो" म्हटलं. त्याला फार एकटं वाटलं. समुद्रावरसुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

"निशे," मास्तर म्हणाला, "खाट फिरीव."

"कशाला, बाबा? काम सुरू व्हायला वर्ष जाईल," निशिगंधा म्हणाली.

"तवर सवय नको व्हायला? फिरीव. डोकं खिडकीकडं, तोंड दाराकडं."

"बाबा, अहो..."

"फिरीव म्हणलं न्हवं!"

निशिगंधानं दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून फोन खिडकीत ठेवला, गजाला टेकवून. त्याचा कॅमेरा बाहेर झाला. शामकांतच्या मोबाईलवर एकदम सगळं मैदान आलं, तिरकं, सोनेरी उन्हातलं. पाठीमागून खाटेची चाकं फरशीवर कुरकुरत होती. मधेच अडकली. निशिगंधा रडत असावी, नाक ओढल्याचा आवाज आला. मग चाकं परत फिरली आणि थांबली. मैदानात पोरांचा एकदम ओरडा झाला. सुमित्रा शामकांतच्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

पाठीमागून मास्तरचा आवाज आला, भिंतीवर आपटून आल्यासारखा लांबचा.

"शामा, हाईस का?"

"हाय की, दादा."

"गोल झाला का रं आत्ता?"

शामकांतनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "न्हाई," तो म्हणाला. "बारला लागून भाईर गेला. लाल शर्टवालं पोरगं हाय एक, डावखुरं. त्येनं मारला."

"पाय कसा हाय त्याचा?"

"चांगला हाय."

"मग सांग की. थांबलास कशाला? आता कुणाकडं बॉल हाय?"

शामकांत घसा खाकरून सांगायला लागला.