श्वासाची निळी पट्टी

दोकसेंग आजही माघारी फिरली. पडद्यावरची तिची लाल केसांची बाई भाला आवरून सरळ वर निघाली, गुहेचं तोंड मिटलं, आणि खाली खडकाला चिकटून बसलेल्या राक्षसाच्या जखमा बघता बघता बुजल्या. चार मिनिटं कडेकडेने भोसकून केलेलं सगळं फुकट गेलं.

"पुन्हा पळालात, सामचुन," गल्ल्यामागून योन्जू म्हणाली.

"पळाले नाही. वर आले."

त्या बेटावर आपल्यापेक्षा मोठ्या कुणालाही सामचुनच म्हणतात, बाई असो की बाप्या. दोकसेंग सत्तरीला टेकली होती. योन्जू बेचाळीसची, धक्क्यासमोरच्या या दुकानाची मालकीण. दुकानात चोवीस संगणक, चोवीस मऊ खुर्च्या आणि मागच्या बाजूला नूडल्स शिजवायची शेगडी. सकाळी दहाच्या सुमाराला इथं चिटपाखरू नसायचं. तेवढ्यासाठीच दोकसेंग त्या वेळेला यायची.

म्हातारीला हा नाद लागला तो कानापायी. पन्नास वर्षं हेन्यो म्हणून तिने समुद्राच्या तळाचे शिंपले काढले, ना नळी ना हवेची टाकी, छातीत मावेल तेवढा श्वास घ्यायचा आणि बुडी मारायची. मग डाव्या कानाचा पडदा गेला आणि डॉक्टरने पाणी बंद केलं. बाकीच्या बायका रबरी कपडे चढवून निघाल्या की ही धक्क्यावर बसून पाण्यावर तरंगणारे त्यांचे बोये मोजायची, प्रत्येकीचा एक. जानेवारीच्या वाऱ्यात तिला तशी बसलेली बघून योन्जूने हाताला धरून वर आणलं आणि जवाचा गरम चहा पाजला. समोरच्या पडद्यावर एक गिऱ्हाईक पाण्याखालच्या गुहेत कुणाशी तरी झुंजत होतं. कोपऱ्यात श्वासाची निळी पट्टी हळूहळू आटत होती.

"हा मूर्ख मरणार," दोकसेंग म्हणाली, आणि तो मेलाच.

झालं. दुसऱ्या दिवसापासून म्हातारी स्वतः खुर्चीत. योन्जूने तिला कळा शिकवल्या, अक्षरं मोठी करून दिली. पात्राला नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणाली, "डावा कान ठेव, त्यानेच आणलंय मला इथं." तेव्हापासून डावा कान नावाची ती लाल केसांची बाई रोज त्या गुहेत उतरायची. राक्षसाचं खेळातलं नाव चांगलं लांबलचक होतं, समुद्राच्या राजाचा कोण कुठला सेनापती होता तो. पण होता मुळात एक भलाथोरला जोनबोक, खडकाला पोट चिकटवून बसणारा एका कवचाचा शिंपला. दुकानातली पोरं त्याला कवच्या म्हणायची.

कवच्याची गुहा एकट्याची होती. सोबत कुणाला नेता येत नसे, आणि हे दोकसेंगला पहिल्यापासून खटकलं. हेन्यो कधी एकटी पाण्यात जात नाही. जोडीदारीण हवी, मग ती कितीही तोंडाळ असो. त्याहून चमत्कारिक म्हणजे कवच्याला मारायची रीत. श्वास आहे तोवर तो कवच उचलतच नाही. पट्टी साफ रिकामी झाली, समोरचा आता मेला अशी त्याची खात्री पटली, की तो अंग सैल सोडतो आणि पोट उघडं पडतं. रिकाम्या पट्टीवर माणूस बारा आकडे मोजेपर्यंत तग धरतो. त्या बाराच्या आत मारायचं.

"हा खेळ ज्याने केला तो जन्मात समुद्रात उतरलेला नाही," हे तिचं मत होतं, आणि ते ती रोज एकदा ऐकवायची.

पट्टी तिसऱ्या हिश्शावर आली की तिची बोटं आपोआप वर जायची कळ दाबायची. तिने ठरवून पाहिलं, बोटांना दटावून पाहिलं. बोटं ऐकेनात. पन्नास वर्षं तिने असंच तर जीव राखला होता. वर येण्यापुरता श्वास उरला की समोर सोन्याचा शिंपला असला तरी पाठ फिरवायची. नाही फिरवली तर पाण्यातच श्वास घ्यावा लागतो. त्याला हेन्यो पाणश्वास म्हणतात. तो घेतला की कारभार आटोपला.

तो चुनह्वाने घेतला होता. चुनह्वा म्हणजे योन्जूची आई आणि दोकसेंगची जोडीदारीण. योन्जू तेव्हा आठ महिन्यांची होती. बायकांनी चुनह्वाला किनाऱ्यावर आणलं तेव्हा शिंपला उचकायची तिची पहार मनगटाला बांधलेलीच होती. शेकोटीभोवती सगळ्यांनी विचारलं, काय झालं, तू तर बरोबर होतीस. दोकसेंग म्हणाली होती, "मी वर आले तर तिचा बोया एकटाच. लोभ नडला, दुसरं काय?"

ते वाक्य गावाने उचललं. एक्केचाळीस वर्षं नव्या पोरींना पहिल्या दिवशी तेच शिकवतात, चुनह्वासारखा लोभ करू नका. आता शिकाऊ मुलींचा वर्ग निघाला होता आणि दर गुरुवारी तिथे तेच सांगायचं काम दोकसेंगकडेच आलं होतं. योन्जू हे ऐकतच वाढली. त्यावर ती कधी चकार शब्द बोलली नाही, आणि हेच म्हातारीला अलीकडे डाचू लागलं होतं. आपण म्हटलं ते खरं होतं का? पोटची पोर सोडून एका शिंपल्यासाठी खाली थांबणारी बाई होती का चुनह्वा? त्या तिथे, श्वास संपल्यावर, माणसाला नक्की काय होतं?

"तू मारलायस ना याला?" तिने आज विचारलं.

"बरेचदा."

"पट्टी संपल्यावर काय दिसतं गं?"

योन्जू फडक्याने गल्ला पुसत होती. ती थांबली.

"सांगून नाही कळायचं. थांबा आणि बघा."

दोकसेंगने पुन्हा गुहा उघडली. या वेळी तिने डाव्या हाताचं ते बोट, वर जायच्या कळेकडे धावणारं, मुठीत दाबून धरलं आणि ती मूठ मांडीखाली घातली. उजव्या हाताने भागवायचं. योन्जू मागे येऊन उभी राहिली.

कवच्या बसला होता. डावा कान त्याच्या कडेने फिरत भाला मारत राहिली. पट्टी अर्धी झाली. तिसऱ्या हिश्शावर आली तशी दाबलेली मूठ वळवळायला लागली, म्हातारीने तिच्यावर सगळं वजन टाकलं. पट्टी बोटाएवढी उरली. मग पडद्याच्या कडा काळवंडल्या, समुद्राचा आवाज बंद झाला आणि कवच्याने कवच उचललं.

खाली पिवळसर, मऊ, जिवंत पोट होतं. किती जवळ होतं ते! एक भाला बसला, दुसरा बसला. अजून एक, आता हा एकच.

कवच कलंडलं. पडदा सोनेरी झाला आणि कसलीशी तुतारी वाजली. त्याच क्षणी दोकसेंगच्या तोंडातून लांब, बारीक शीळ निघाली. खोल बुडीनंतर वर आलेल्या हेन्योच्या तोंडून कोंडलेला श्वास सोडताना निघते तीच. आपण इतका वेळ खरोखरचा श्वास धरून बसलो होतो, हे तिला शीळ ऐकल्यावर कळलं.

मुठीतलं बोट तिने सोडवलं. ते पांढरं पडलं होतं.

"पट्टी कधी संपली?" तिने विचारलं.

"केव्हाच. बारातले दहा आकडे घेतलेत तुम्ही."

"दिसली नाही गं मला." म्हातारी अजून पडद्याकडेच बघत होती. "थांबायचं ठरवून थांबले होते. मग ठरवलेलंही आठवेना. वर जायचं असतं हेच आठवेना. नुसतं ते पोट समोर."

"कुणालाच आठवत नाही, सामचुन."

योन्जूने हे इतक्या साधेपणाने म्हटलं की दोकसेंग वळली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तीन वर्षं. पहिल्यांदा मारला त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं मी."

दोकसेंगला तो दिवस आठवला. योन्जू संध्याकाळपर्यंत धक्क्याच्या टोकाला उभी होती. तिला कसलं दुःख झालंय ते गावात कुणाला कळलं नव्हतं. आणि हिनेच आपल्याला वाऱ्यातून उठवून या खुर्चीत बसवलं, चहा पाजला, कळा शिकवल्या. म्हातारीचे हात मांडीवर आले आणि तिथेच राहिले.

"लोभ नव्हता तो," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी चुकीचं बोलले. श्वास संपल्याचं तिला उमगलंच नसेल."

योन्जूने मान हलवली. इथं थांबता आलं असतं. चहा मागवून घरी जाता आलं असतं. पण दोकसेंगला आता थांबवेना.

"ज्या बाईला स्वतःला उमगत नाही, तिच्याकडे बघायचं काम जोडीदारणीचं असतं. मी वर आले तेव्हा तिचा बोया एकटा होता, ते खरं आहे. पण तो बघून मी परत खाली गेले, पोरी. माझ्या खडकाखाली एक जोनबोक हेरून ठेवलेला होता. तो काढला, वर आले, आणि मग हाक मारली."

शेगडीवरचं पाणी उकळत होतं. योन्जू गेली, शेगडी बंद केली आणि परत आली.

"केवढा होता?" तिने विचारलं.

दोकसेंगने तळहात पुढे केला. योन्जू त्या तळहाताकडे बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरले, तिने ते बाहीने पुसले. मग शेजारची खुर्ची ओढून ती बसली आणि तिथला संगणक सुरू केला.

"दोघींची गुहा पण असते यात," ती म्हणाली. "एकीची पट्टी दुसरीच्या पडद्यावर दिसते. याल?"

दोकसेंगच्या पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या पट्टीखाली आणखी एक निळी पट्टी उगवली, भरलेली, वर योन्जूचं नाव. म्हातारीने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर नीट बसवला आणि राक्षसाकडे ढुंकूनही न बघता त्या खालच्या पट्टीवर नजर लावून बसली.