गाठ कुठल्या वायरीला

शिडी माझी होती, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. गावात या गोष्टीची बरीच रूपं फिरतात. कुणाच्या गोष्टीत मी नाहीच, आणि ज्यांच्यात आहे त्यांच्यात मी शिडीवरून पडतो. मी पडलो नाही. मी खाली उभा राहून शिडी धरली होती, आणि पडण्यापेक्षा ते काम जास्त अवघड होतं.

त्या दिवशी शाळेच्या नव्या खोल्या उघडायच्या होत्या. अकराला पाहुणे, पोरांची गाणी, मोठ्या बाईंचं भाषण. सकाळी आठला मी शिडी घेऊन मैदानावर पोचलो, तर माझ्या शेजारचे, लाऊडस्पीकरवाले दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे. शेजारच्या नांगरलेल्या रानातून वारा सुटलेला आणि मातीचा लोट थेट तोंडात जात होता. त्यामुळे तोंड मिटून राहायला दोघांनाही चांगलं निमित्त मिळालं होतं.

"काका," थोरला म्हणाला, "त्यांना सांगा, मशीनला हात लावायचा नाही."

'ते' दहा पावलांवर उभे होते. मी वळलो. "मशीनला हात लावायचा नाही म्हणे."

"ऐकलं," धाकटा म्हणाला. "त्यांना म्हणावं, मला हौस नाही. आणि वायर माझी आहे, तुडवू नका."

"वायर तुडवू नको म्हणे."

"तुडवत नाही म्हणावं. बाजूला घ्यावी."

दोन वर्षं हे असंच चाललेलं. बाप होता तोवर हा लाऊडस्पीकर दहा गावांत वाजला. बाप अॅम्प्लिफायरच्या मशीनजवळ बसायचा आणि पोरं खांदे देऊन स्पीकरचे बॉक्स चढवायची. बाप गेला आणि पहिल्याच कार्यक्रमाला थोरला मशीनजवळ जाऊन बसला. धाकटा शिडीवरून ओरडला, "मीच का कायम वर?" थोरला म्हणाला, "तू हलका आहेस." एवढ्यावर भांडण पेटलं. जमिनीची वाटणी एका दुपारी झाली होती. या सेटच्या वाटणीला तीन दिवस लागले. मशीन थोरल्याला. वायरींची भेंडोळी धाकट्याला. बॉक्स दोन, एकेक. आणि माईक राहिला, तो त्यांच्या आईनं, म्हातारीनं, उचलून आपल्या पेटीत टाकला. म्हणाली, "हा माझा."

म्हणजे दोघांकडे मिळून सगळं होतं आणि एकेकट्याकडे काहीच वाजत नव्हतं. तालुक्याहून थोरल्यानं नवी वायर नाहीतर धाकट्यानं नवं मशीन आणलं असतं तर निदान एक बॉक्स बोलला असता. पण "मी का आणू?" हा दोघांचाही बाणा. थोरल्याच्या बॉक्सवर पिठाचा डबा बसला आणि धाकट्याच्या बॉक्सवर कोंबडी अंडी घालायला बसली. तिला तिथून उठवताना त्या दिवशी सकाळी धाकट्याच्या हाताला दोन ओरखडे पडले होते.

मोठ्या बाई म्हातारीकडे आल्या, गोड बोलून कार्यक्रमासाठी सेट मागितला आणि म्हातारीनं होकार दिला. पोरांना विचारलं नाही. रात्री दोघांना दारात बोलावून तिनं सुनावलं, ते भिंतीपलीकडून मीही ऐकलं.

"हा सेट तुमच्या बापानं माझी म्हैस विकून आणला. दोन वर्षं मला ना म्हैस ना सेट. उद्या वाजला तर घरात राहील. नाही वाजला तर मशीन, बॉक्स, वायर, सगळं भंगारात जाईल. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

पोरांना वाटलं, म्हातारी बोलते, करत नाही. सकाळी पाहतात तर मैदानाच्या कडेला झाडाखाली भंगारवाल्याचा टेम्पो उभा. तो मागं पाय सोडून बसला होता आणि शेंगदाणे सोलत होता. माणूस हसरा. मला म्हणाला, "काका, सावकाश होऊ दे. मला घाई नाही."

मैदानाच्या दोन टोकांना बांबूची दोन मचाणं बांधलेली. मधोमध व्यासपीठ आणि त्याच्या बाजूला टेबलावर मशीन. थोरल्यानं ठणकावलं, मशीन माझं, तेव्हा मशीनच्या टोकाला वायरी मीच जोडणार. धाकट्यानं ठणकावलं, माझ्या बॉक्सला मीच जोडणार. थोरला म्हणाला, मग माझ्या बॉक्सला मी. तो जन्मात शिडी चढला नव्हता. वजनदार गडी. मी खालून पाय धरले तर ते लटपटत होते. वरून तो मला म्हणाला, "त्यांना सांगू नका."

हे पहिलं 'सांगू नका'. पुढं आणखी येणार होती.

आता वायरीचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलं. प्रत्येक बॉक्सला वायर जोडीनं जाते. मशीनवर एक जागा लाल, एक काळी, बॉक्सवरही तशाच. लाल वायर लालला, काळी काळ्याला, एवढंच काम. पण वायरी बापाच्या काळातल्या. उन्हात त्यांचा रंग उडून दोन्ही मातकट झालेल्या. म्हणून जोडीतल्या एका वायरीला दोन्ही टोकांशी गाठ मारलेली. गाठ बघायची आणि जोडायची.

थोरल्यानं मशीन जोडलं, मग आपला बॉक्स जोडला. धाकट्यानं आपला बॉक्स जोडला. नऊ वाजता मशीन चालू झालं आणि म्हातारीनं पिशवीतून माईक काढला. तो तिनं रुमालात बांधून आणला होता.

बापाची तपासायची एक रीत होती. तो "एक दोन तीन" म्हणायचा नाही. म्हातारी मैदानाच्या बरोब्बर मध्ये जाऊन उभी राहायची आणि तो माईकवरून विचारायचा, "ऐकू येतंय का गं?" तिनं हात वर केला की काम झालं. कान म्हणाल तर तिचाच. बाप म्हणायचा, कडेला उभं राहून कुणालाही बरं वाटतं, खोट मध्ये कळते.

तर म्हातारी मध्ये जाऊन उभी राहिली. थोरला माईकवर म्हणाला, "आई, येतंय का ऐकू?"

मी थोरल्याच्या मचाणाखाली होतो. आवाज दणदणीत. पलीकडे धाकट्याच्या मचाणाखाली शाळेचा शिपाई होता, त्यानंही मान डोलावली. पण म्हातारीचा हात वर जाईना. मी तिच्याजवळ गेलो आणि मलाही कळलं. मध्ये आवाजाला जीवच नव्हता. थोरल्याचा एवढा भरदार आवाज, तो नळकांड्यातून आल्यासारखा किरकिरत होता.

"मेलेला आहे," म्हातारी म्हणाली.

भंगारवाल्यानं शेंगदाणे खिशात टाकले.

दोघाही भावांना बापानं शिकवलेलं होतं, त्यामुळे रोग दोघांनाही लगेच कळला. मध्ये आवाज मरतो म्हणजे एका बॉक्सच्या वायरी उलट्या. एक बॉक्स हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो आणि मधल्या माणसाच्या वाट्याला काही येत नाही. उपाय अर्ध्या मिनिटाचा, कुठल्याही एका बॉक्सच्या वायरींची अदलाबदल करायची.

"काका, त्यांना सांगा, उलटा त्यांचा आहे."

"काका, त्यांना सांगा, माझा सरळ आहे. बापाच्या हाताखाली दहा वर्षं मी जोडलाय."

"मी काय तेव्हा गोट्या खेळत होतो?"

"मला काय विचारता? मी बोलत नाही तुमच्याशी."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभ अजून शाबूत होता.  म्हातारी खुर्ची मागवून तिथंच मध्ये बसली.

धाकटा पाणी प्यायला विहिरीकडे गेला तसा थोरला माझ्याजवळ आला. "काका, शिडी जरा माझ्या बॉक्सला लावा. तिरका वाटतोय."

बॉक्स मुळीच तिरका नव्हता. मी शिडी लावली. थोरला वर चढला, लटपटला, वायरी सोडल्या आणि उलट्या जोडल्या. उतरून धापा टाकत म्हणाला, "बापाची वस्तू आहे, काका. भंगारात नको जायला. पण त्यांना सांगू नका. नाहीतर म्हणतील दादा चुकला."

मी शब्द दिला.

मग थोरला बाईंना समजवायला खोलीत गेला. तेवढ्यात धाकटा आला. "काका, शिडी. माझ्या बॉक्सवर कोंबडीचं पीस अडकलंय."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसला प्रकार. हा पोरगा वर गेला आणि क्षणात खाली आला. डोळे ओले होते. "धूळ गेली," म्हणाला. वारा होताच. "दादाला सांगू नका. मी बदलल्या. दोन वर्षं कोंबडी बसवली त्यावर, पण भंगारात बघवायचा नाही मला."

मी त्यालाही शब्द दिला. दोन्ही गुपितं पोटात घेऊन मी मनात खूश झालो. म्हटलं, दोघांनीही माघार घेतली, आता दुप्पट चांगलं वाजणार. मी शेतकरी माणूस. बैलाला दोन्हीकडून ओढलं की तो जागेवरच राहतो, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

दहा वाजता पुन्हा माईक. दोघांच्याही चेहऱ्यावर मोठेपणा. थोरल्यानं विचारलं, "आई, येतंय ऐकू?"

तोच मेलेला आवाज. रत्तीभर फरक नाही.

दोघंही बावचळले. एकमेकांकडे बघितलं, दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि त्या बघण्यात नुसता संशय. बाई घड्याळ दाखवत आल्या, "अहो, नसेल जमत तर मी आपली खड्या आवाजात बोलते." भंगारवाला टेम्पोचं मागचं फळकूट खाली पाडू लागला. त्या लोखंडाचा आवाज मात्र सगळ्या मैदानात स्वच्छ ऐकू आला.

म्हातारीनं मला बोटानं बोलावलं.

"शिडी कुणी मागितली?"

"कुणी नाही."

"मी म्हातारी झालेय, आंधळी नाही. दोनदा फिरली शिडी."

मी थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. दोघंही डोळ्यांनी मला 'नको' म्हणत होते. पण टेम्पोचं फळकूट पडलं होतं, आणि मी त्या बापाबरोबर चाळीस वर्षं बांधाला बांध लावून शेत केलंय. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"दोघांनी," मी म्हणालो. "दोघांनीही आपापल्या वायरी बदलल्या. एकमेकांना न सांगता."

 मग शिपाई हसला, बाई हसल्या, सगळे का हसतायत ते न कळता पोरंही हसली. हे दोघं तेवढे लाल झाले.

"तू बदललीस?" थोरला म्हणाला. माझ्यामार्फत नाही.

"तू पण?" धाकटा म्हणाला.

"मग माझी आधी बरोबरच होती. गाठ लालला. बाबांची रीतच ती."

"गाठ काळ्याला. मी स्वतः बघितलंय."

"गाठ लालला रे."

"काळ्याला."

पुन्हा जुंपली. फरक एवढाच, आता मला मधे यायचं काम उरलं नव्हतं. म्हातारी खुर्चीतून उठली.

"गाठ तुमच्या बापानं नाही मारली. मी मारली. कार्यक्रम झाला की वायरी मीच गुंडाळायचे. दोन सारख्या दिसायला लागल्या, म्हणून एकीला गाठ मारली. लाल-काळं मला काय ठाऊक?"

"पण मग बाबा कुठं लावायचे?"

"कधी इकडं, कधी तिकडं. ज्या दिवशी जशी हाताला येईल तशी. एका बॉक्सला लावली की दुसऱ्याला तशीच लावायची, एवढंच बघायचे. गाठ कुठंही असो, दोन्हीकडं सारखी पाहिजे."

दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली. दहा मिनिटं ज्या लाल-काळ्यावरून भांडले, त्याला काही अर्थच नव्हता.

"मी बदलतो," थोरला म्हणाला आणि निघाला.

"थांब, मी बदलतो," धाकटाही दुसऱ्या मचाणाकडे निघाला.

"एकानंच करा रे," टेम्पोतून भंगारवाला ओरडला. "नाहीतर मीच भरतो सगळं."

थोरला थांबला. एकदा शिडीकडे पाहिलं, एकदा भावाकडे. "तू मशीनवर बस. मी चढतो."

"मशीनवर मी?"

"मग काय भंगारवाला बसवू? बंद कर आधी. मला झटका द्यायचा विचार असेल तर मनातून काढ."

धाकट्यानं मशीन बंद केलं आणि बापाच्या जागी बसला. म्हातारीनं त्याला दम भरला, "दोन्ही हात वर कर. भाऊ उतरेपर्यंत कशाला शिवायचं नाही." मशीनजवळ दोन्ही हात वर करून बसलेला तो गडी बघून पोरं पुन्हा हसली. मी शिडी धाकट्याच्याच मचाणाला लावली. थोरला चढला, वरून विचारलं, "तुझी गाठ आता कशात आहे?"

"लालात."

"माझी काळ्यात. म्हणजे तुझी काळ्यात घेतो. चालेल?"

"चालेल, दादा."

थोरला उतरला तेव्हा त्याचे पाय पूर्वीइतकेच लटपटत होते, पण त्यानं ते कुणाला सांगू नका म्हटलं नाही.

म्हातारी मध्ये जाऊन खुर्चीत बसली. धाकट्यानं हात खाली घेतले, मशीन लावलं, माईक तोंडाशी धरला. घसा खाकरला, तोही ऐकू आला.

"आई, येतंय का ऐकू?"

मी तिच्या शेजारी उभा होतो. आवाज समोरून आला, भरलेला, अंगावर आला. डावीकडून नाही, उजवीकडून नाही, जणू पोरगा समोर उभा राहून विचारतोय. मी म्हातारीकडे पाहिलं.  तिचा हात मांडीवरच.

धाकट्याचा चेहरा उतरला. त्यानं माईक भावाकडे दिला. थोरल्यानं विचारलं, "आई, आता येतंय का?"

म्हातारीचा हात हलला नाही. मग दोघं एकाच माईकवर वाकले, डोक्याला डोकं लागलं, आणि दोघांनी मिळून विचारलं, "आई?"

भंगारवाला टेम्पोतून उतरून आमच्यापर्यंत आला होता. तो न राहवून म्हणाला, "मावशी, अहो स्वच्छ येतंय की ऐकू. करा की हात वर."

"मला पहिल्या हाकेलाच आलं," म्हातारी म्हणाली. "तू गप्प बस. विचारू दे त्यांना अजून."