नाक वर करून उभी गाडी

माझा नवरा हद्दू गाडी कायम उताराकडे नाक करून लावतो. बॅटरी बसलीच तर ढकलून सुरू करता यावी म्हणून. आमच्या डोंगरातल्या अझ्रू गावात वरच्या आळीतले सगळे जुने टॅक्सीवाले हेच करतात, धंदा सोडला तरी. गेल्या रविवारी मात्र शेजारच्या लग्नाचा तंबू आमच्या दाराशीच ठोकला आणि गाडीला चढाकडे नाक करून उभं राहावं लागलं. सोमवारपासून तिनं सुरू व्हायचं नाव घेतलं नाही.

मला आठवड्यातून तीनदा मेकनेसला डायलिसिसला जावं लागतं. मंगळवारी भाड्याच्या टॅक्सीत बसले, पण सहा जण भरल्याशिवाय ती हलेना. तेवढ्यात माझी डायलिसिसची वेळ टळून गेली. कॅसाब्लांकाहून यूनुसचा, माझ्या मुलाचा, फोन आला. "आई, गुरुवारीही असंच झालं तर शनिवारी येऊन तुला घेऊन जाईन. घराला कुलूप लावू." पोरगा मायेनंच बोलला. पण त्याच्या सातव्या मजल्यावर मला दारात खुर्ची टाकून कुठं बसता येणार? मी रात्रभर तळमळले.

गुरुवारी सकाळी बेन्नासर मिस्त्री आला. हद्दू त्याच्या डोक्यावर उभा.

"स्टार्टर जोरात फिरतोय," बेन्नासर म्हणाला. "मागून धूर येतोय का?"

"अजिबात नाही. इंजिन तापवणारे ग्लो प्लग जळले असणार," हद्दू म्हणाला.

"ते जळले असते तर पांढरा धूर आला असता, चाचा. इथं डिझेलच पोचत नाहीये." त्यानं इंजिनावरच्या नळीचा नट सैल केला. नुसता फेस आला. "हवा घुसतेय कुठूनतरी."

त्यानं फिल्टर बदलला, डिझेलचा हातपंप मारला. गाडी मिनिटभर चालली आणि खोकून गप्प झाली. दहा वाजले होते. एकला माझं डायलिसिस होतं.

मी दारातून म्हणाले, "बेन्नासर, या आठवड्यात ही गळलीच नाही."

"म्हणजे?"

"दोन वर्षं मी हिच्या नाकाखालचा डाग घासतेय. सोमवारपासून फरशी कोरडी आहे."

"म्हाताऱ्या गाडीला घाम येतोच," हद्दू म्हणाला. "थांबला ते बरंच झालं की."

"तू मध्ये बोलू नकोस, म्हातारबा."

बेन्नासर कधीच गाडीखाली शिरला होता. थोड्या वेळानं बोटभर रबरी नळी घेऊन बाहेर आला. वाकवली तशी खालची चीर उघडली. "नाक खाली असलं की डिझेल आपसूक उतरायचं आणि थोडं इथून झिरपायचं. नाक वर केलं की पंपाला ओढावं लागतं, मग चिरेतून हवाच येते. दोन वर्षांचं दुखणं आहे हे, चाचा. तुमच्या सवयीनं झाकलं होतं."

हद्दूनं टोपी काढून डोकं खाजवलं.

नवी नळी बसली. गाडी धडधडली आणि धडधडतच राहिली. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. मेकनेसला वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो.

संध्याकाळी परतलो तर तंबू गेला होता. हद्दू सवयीनं गाडी वळवायला लागला.

"नाक वरच असू दे," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी पहिल्याच चावीला ती सुरू झाली. तेवढ्यात यूनुसचा फोन. "आई, निघू का?"

"ये की," मी म्हणाले. "पण रात्री जेवायला ये."