पिवळी चौकट

ओजसने कॉलर नाकावर ओढली, छातीतली वाफ शर्टातच सोडली आणि फ्लशचं बटण दाबलं. पाण्याचा आवाज संपेपर्यंत आणखी एक झुरका घेता यायचा. अकराव्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहातला शेवटून दुसरा संडास त्याने पक्का करून टाकला होता, कारण त्याच्या डोक्यावरचा पंखा जरा जोरात ओढायचा. दिवसातून सहा-सात वेळा, कधी आठ. लोकांना वाटत असावं की पोराचं पोट बिघडलेलं आहे.

दुसरा झुरका छातीत होता तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि कोणीतरी फोनवर मराठीत बोलत आत आलं. अमेयच होता.

"नाही गं, मेल अजून नाही गेला. मघाशी खाली उभे होतो तेव्हा शैलेंद्र म्हणाला. तिघांपैकी दोघांचेच इथले कामाचे पास रिन्यू करणार, तिसरी जागा हैदराबादला. उद्या सकाळी नावं पाठवतोय." नळ सुरू झाला. "माझं होईल असं वाटतंय. ओजसचं विचारलं मी, तर नुसता हसला. काय माहीत. तो हल्ली खाली येतच नाही ना."

ओजसने श्वास धरून ठेवला होता. वाफ छातीत टोचायला लागली, डोळ्यांत पाणी आलं. हात वाळवायचं यंत्र घरघरलं तेव्हा त्या आवाजाच्या आडोशाला त्याने एकदाचं खोकून घेतलं. अमेय गेल्यावरही तो बराच वेळ झाकणावर बसून राहिला. वेपचं ते बोटभर लांबीचं निळं यंत्र हातात गरम झालं होतं.

अमेयने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती, हे विशेष. तो पहाटे उठून पळायचा आणि डब्यात मोड आलेले मूग आणायचा. तरी खाली तोच असायचा.

खाली म्हणजे इमारतीच्या मागे, माल उतरवायच्या जागेला लागून, जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली सिगारेट ओढायची चौकट. ओढायचं तर आत उभं राहायचं, रेषेबाहेर ओढताना सापडलात तर दंड. वर मीटिंगा इंग्रजीत व्हायच्या आणि सगळ्यांना सगळं सारखंच सांगितलं जायचं. त्यातलं खरं कुठलं आणि नुसतं बोलायचं म्हणून कुठलं, हे त्या चौकटीत मराठीत कळायचं. शैलेंद्र त्यांचा मॅनेजर, सोळा वर्षांपूर्वी कोथरूडहून इकडे परदेशात आलेला. वर तो शब्द तोलून बोलायचा, खाली दोन झुरक्यांनंतर सैल व्हायचा. ओजस इथे आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात शैलेंद्रने त्याच्यापुढे लायटर धरला होता, आणि दोन वर्षांत ओजस जे काही शिकला ते तिथेच उभ्या-उभ्या. अमेयलाही हे कळत होतं. तो दोरीच्या पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन रेषेच्या बाहेर वीतभर अंतरावर उभा राहायचा, वाऱ्याची दिशा बघून. धूर नको, पण बातमी हवी.

आणि ओजसने सिगारेट सोडली होती. म्हणजे, तसं सगळ्यांना वाटत होतं.

त्याच्या होणाऱ्या बायकोने, ऋग्वेदाने, हे भांडून मागितलं असतं तर त्याने भांडून नाकारलं असतं. पण तिने स्वतःच्या वाढदिवसाला मागितलं. बुकित पंजांगला ती आणखी दोन विद्यार्थिनींबरोबर राहायची, तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमधल्या टेबलावर, समोर बसून म्हणाली, "मला दुसरं काही नको रे. एवढं कर." येत्या डिसेंबरमध्ये त्यांचं लग्न होतं. तिच्या पीएचडीची अजून तीन वर्षं होती, म्हणजे तीन वर्षं तिचा पाय इथून हलणार नव्हता. तो हो म्हणाला.

पाच दिवस त्याने खरोखर प्रयत्न केला, हे त्याचं त्यालाच माहीत. सहाव्या दिवशी त्याच्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीतल्या मुलाने कपाटातून हे वेप काढून दिलं. ही काय सिगारेट आहे का, तो म्हणाला, ही तर सिगारेट सोडायची शिडी. ओजसलाही तेच ऐकायचं होतं. वास लिचीचा, राख नाही, दात पिवळे नाहीत. महिनाभर घ्यायचं, मग हेही बंद.

शिडी कसली, आगीतून फुफाट्यात पडला होता तो. सिगारेट निदान संपायची. फिल्टरपर्यंत आली की माणूस टाकून वर यायचा. याला शेवटच नव्हता. पूर्वी दिवसाला नऊ होत्या, आता मोजायचं काय हेच कळत नव्हतं. अंथरुणात, आंघोळीच्या आधी, आंघोळीनंतर, उशीखाली, मोज्यात. शिवाय सिगारेट ओढणं हा या देशात फक्त गैरसोयीचा प्रकार होता, हे बाळगणं हा गुन्हा. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, प्रत्येक स्टेशनात तसं लिहिलेलं होतं, खाली तक्रारीचा नंबर. दंड तर होताच, परदेशी माणसाच्या पासवरही गदा येऊ शकत होती. पोलीस दिसले की ओजसचा हात आपोआप खिशाकडे जायचा आणि मग आपण तिकडे हात नेला म्हणून तो आणखी घाबरायचा. सत्ताविसाव्या वर्षी एका लिचीच्या वासापायी चोरासारखं जगायचं, याचा त्याला मनस्वी संताप यायचा, आणि संताप आला की तो झुरका घ्यायचा.

त्यात कौतुक. मराठी मंडळाच्या गणपतीत ऋग्वेदाने शैलेंद्रच्या बायकोला, अरुणावहिनींना, सांगितलं आणि आरती संपेपर्यंत हॉलभर झालं. अनोळखी काकांनी पाठ थोपटली. वहिनींनी उकडीचे मोदक वेगळे बांधून दिले, "आमच्या घरातल्यांना जरा शिकव रे," म्हणून. तो खाली मान घालून मोदक घेऊन आला. लोकांना तो विनय वाटला.

आणि त्याच आठवड्यापासून शैलेंद्रची हाक बंद झाली. पूर्वी अकराला आणि चारला तो ओजसच्या टेबलावर दोन बोटं वाजवायचा आणि ओजस उठायचा. आता तो नजर टाळून सरळ लिफ्टकडे जायचा, मागोमाग अमेय. आठ आठवडे. सिगारेट काय सुटली, माणसंच सुटली. ज्याने व्यसन सोडलं त्याला वाळीत टाकायचं आणि जो मूग खातो त्याने दरबारात उभं राहायचं, हा कुठला न्याय? आपण सोडलेलं नाही, ही गोष्ट या रागात ओजस सोयीस्करपणे विसरायचा.

चारला पाच मिनिटं असताना तो उठला. खालच्या दुकानात ओळखपत्र दाखवून सिगारेटचं एक पाकीट घेतलं. त्यावरचा सडक्या पायाचा फोटो आत जाईल असं ते खिशात सरकवलं. ऋग्वेदाला काय सांगायचं ते नंतर बघू. पास राहिला तर ऋग्वेदा, एवढं साधं गणित होतं. चौकटीत उभं राहायचं, एक पेटवायची, दोन वाक्यं बोलायची, बस.

मागच्या दारातून तो बाहेर आला तेव्हा ऊन उतरलेलं होतं पण सिमेंट तापलेलं होतं. चौकटीत शैलेंद्र एकटाच होता. त्याच्या बोटांत सिगारेट होती. ओजसला पाहताच त्याने हात पाठीमागे नेला, सर वर्गात आल्यावर मुलं नेतात तसा.

"तू कशाला आलास इथे?"

"सहज आलो, दादा."

"वर जा. इथे नको उभा राहूस."

खिशातल्या पाकिटावरचा ओजसचा हात तिथेच थांबला. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं उसळून वर आलं.

"मी काय केलंय, दादा? आठ आठवड्यांत एकदा हाक मारली नाहीत तुम्ही. अमेय ओढत नाही तरी तो रोज इथे असतो. मला पासाची बातमीसुद्धा संडासात बसून ऐकायला मिळते. नाव नसेल जाणार माझं, तर तसं तोंडावर सांगा ना."

शैलेंद्रने पाठीमागचा हात पुढे आणला. सिगारेट पेटवलेली नव्हती. कागदाला चुण्या पडल्या होत्या, बराच वेळ हातात फिरल्यासारखी दिसत होती.

"अरे वेड्या, मुद्दामच मारत नव्हतो हाक," तो म्हणाला. "मी किती वेळा सोडलीय माहितीये? दर वेळेला कोणीतरी आपलं प्रेमाने, चल रे खाली, म्हणायचं. तुझं माझ्यामुळे मोडलं असतं तर मला घरात घेतलं नसतं अरुणाने. अमेयलाही सांगून ठेवलंय, ओजसला खाली ओढून आणायचं नाही म्हणून."

पलीकडे एक ट्रक मागे येत होता आणि त्याची पिपाणी वाजत होती.

"आणि पासाचं म्हणशील तर उद्याच्या मेलमध्ये पहिलं नाव तुझं आहे. वर विचारत होते, वय लहान आहे, दडपणात टिकेल का. मी म्हटलं, मला वीस वर्षांत जमलं नाही ते या पोराने एका झटक्यात केलंय. याच्यावर मी काहीही सोपवीन." शैलेंद्र किंचित हसला. "सिगारेट सोडलीस, त्यावरच तरलास बघ."

हवं होतं ते मिळालं होतं. ओजसच्या तळहाताला मात्र घाम सुटला होता आणि खिशातलं पाकीट ओलं होत होतं.

"थँक्यू, दादा," तो कसाबसा म्हणाला.

"थांब जरा. आलाच आहेस तर." शैलेंद्रने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सोमवार-मंगळवार मी सुट्टीवर नव्हतो. अँजिओग्राफी झाली माझी. अरुणाशिवाय कोणाला माहीत नाही, मुलीलाही नाही. डॉक्टर म्हणाले, आता एकही नाही. एकही म्हणजे एकही." त्याने बोटांतली सिगारेट पाहिली. "ही कालपासून खिशात आहे. पेटवत नाही, पण टाकवतही नाही रे. हात धजतच नाही. अरुणा म्हणते, त्या ओजसला विचार. दोन महिने विचारीन-विचारीन म्हणतोय. तुझ्या वयाच्या मुलाला काय विचारायचं, लाज वाटते. पण आता विचारतो. कशी सोडलीस?"

त्याने फोन काढला. चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीन डोळ्यांपाशी धरली. त्याने नवीन पान उघडून वर 'ओजस' असं टंकलं, ते ओजसला उलटं दिसलं.

"सकाळच्या चहाबरोबर मला सगळ्यात जास्त लागते. तेव्हा तू काय करायचास?"

"कोमट पाणी प्यायचो," ओजस म्हणाला. ते वाक्य कुठून आलं त्यालाही कळलं नाही.

"कोमट पाणी." शैलेंद्र एका अंगठ्याने लिहीत होता, सावकाश. "जेवणानंतर?"

"बडीशेप."

"भाजलेली की साधी?"

"भाजलेली."

त्याने 'भाजलेली' हा शब्दही लिहिला. त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथून नळी घातली होती तिथे, हिरवा-पिवळा डाग होता आणि त्यावर चिकटपट्टीचा गोंद अजून राहिलेला होता. मीटिंगमध्ये बारा लोकांसमोर ज्याचा आवाज कधी हलला नाही, तो माणूस पिवळ्या रेषांच्या आत उभा राहून बडीशेपेची माहिती लिहून घेत होता.

उद्या सकाळपर्यंत गप्प राहायचं होतं, तेवढंच. मेल गेला की झालं. हवं तर मग सावकाश, कधीतरी, वेगळ्या शब्दांत सांगता येईल. नाहीतर सांगायचंच कशाला? कोमट पाण्याने कोणाचं वाईट झालं नाही. हॉलचे पैसे भरले होते, पत्रिका छापायला गेल्या होत्या, ऋग्वेदाच्या आईने पुण्यात साड्या घेऊन ठेवल्या होत्या.

"आणि अगदीच जीव कासावीस झाला की?" शैलेंद्र विचारत होता. फोनवरून नजर न काढता. "परवा मी किचनच्या ओट्याला धरून उभा होतो रे. अरुणा आत झोपलेली. वाटलं, एक ओढतो आणि मरतो. असं झालं की तू काय करायचास? ते सांग. बाकीचं जमेल मला, तेवढं एक सांग."

ओजसने उत्तर द्यायला तोंड उघडलं. वेलदोडा, असं तो म्हणणार होता. शैलेंद्रचा अंगठा स्क्रीनच्या वर तयार होता, वाट बघत.

"दादा, लिहू नका."

शैलेंद्रने चष्मा खाली ओढला आणि वर पाहिलं. "का रे?"

मागचं दार उघडलं. अमेय कोपीची पिशवी हलवत त्यांच्याकडे येत होता. ओजस त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"आधीचं लिहिलंय तेही खोडा," तो म्हणाला.