ढगाळ आठवड्यातील चार बोटे

भिंतीपलीकडचे तळे मी कधी पाहिलेले नाही. त्याच्या तळाशी काय घडले, याचा तर मी साक्षीदार नाहीच. सांगेन ते या खोलीत ऐकलेले.

मी बाष्पक, म्हणजे पाणी आटवणारे यंत्र, बोलत आहे. समुद्रापासून दूरच्या या गावात जमिनीतले पाणीही खारे. शेजारचा प्रकल्प त्यातून गोडे पाणी काढतो आणि उरलेले जहाल खारे पाणी माझ्याकडे पाठवतो. मी ते आटवतो. शंभर घागरींतून जेमतेम पाच घागरी दाट पाक उरतो. तो प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात उन्हाने वाळतो.

माझा चालक काटेकोर. तळ्यात काठी उभी करून तो पातळी बोटांनी मोजतो. उन्हाळ्याच्या आरंभी माझ्या नळ्यांत क्षार साचला. मला थांबवून खारे पाणी सरळ तळ्यात सोडले गेले. तळे भरून वाहील अशी धास्ती होती. उलट पातळी आठवड्याला चार बोटे उतरू लागली.

"ऊन फुकटात राबतंय की!" प्रकल्पाचे साहेब म्हणाले. "या म्हाताऱ्याला कशाला पेटवायचं?"

माझी सफाई राहून गेली. मनाजोगा आकडा मिळाला की माणसे तो पडताळत नाहीत.

एकदा चालकाची बहीण आली. तिचे घर तळ्याच्या उताराला.

"दादा, विहिरीचं पाणी मचूळ लागतंय."

"तुझ्या हातालाच मीठ जास्त. आईसुद्धा म्हणायची."

"थट्टा पुरे. पोरं तोंड वाकडं करतात. बाटली आणलीय, बघ तरी."

बाटली माझ्या पॅनेलवर तशीच राहिली.

मग आठ दिवस आभाळ भरून होते. ऊन नाही, वारा नाही, पाऊसही नाही. नवव्या दिवशी चालक काठी घेऊन आत आला आणि तिच्यावरची ओली खूण पुनःपुन्हा मोजू लागला. पातळी उन्हातल्यासारखीच चार बोटे उतरली होती.

त्याने बाटलीतला एक घोट घेतला, थुंकला आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, पाणी वर जात नाहीये. खाली जातंय. तळ्यात सोडणं थांबवा."

"मग गावाचं गोडं पाणीही थांबेल. यंत्र चालू होतंय का बघ."

त्याने माझे झाकण उघडले. नळ्या दगडासारख्या बुजलेल्या. त्याने बहिणीला फोन केला.

"विहिरीला हात लावू नकोस."

"कधीपासून बिघडलंय रे, दादा?"

तो बोटांवर आठवडे मोजू लागला. पहिली चार बोटे मोजली त्याला आज एकशे बारा दिवस झाले. मी थंड पडून आहे. तळ्याकडची झडप उघडीच आहे. अस्तर त्याआधी किती दिवस फाटलेले होते, हे कोणालाच माहीत नाही.