अजिनाथचे प्रवाळ

मिरजगावच्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये अजिनाथने खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी बसवून घेतली होती. नगरला राहणाऱ्या त्याच्या वहिनीकडे, अश्विनीकडे, तशीच एक लहान टाकी बरीच वर्षं होती. म्हणून वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी त्याने तिला फोन केला, "वैनी, जित्ते प्रवाळ मागवलेत. टाकीत सोडायचं काम तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विनी पोचली तेव्हा प्रवाळांच्या पिशव्या खिडकीतल्या उन्हात, श्रीखंडाच्या डब्यांशेजारी टाकून दिलेल्या होत्या. एक पिशवी उघडताच सडक्या अंड्यासारखी घाण भपकन नाकात शिरली. आतला प्रवाळ विरघळून नुसता तपकिरी शेंबूड झाला होता. तिला उमासा आला. पिशवी तशीच बांधून तिने बाहेर फेकली, साबणाने हात धुतले, तरी वास बोटांना चिकटून राहिला.

बाकीच्यांत जीव होता. तिने टाकीवरचे निळे दिवे मंद केले, पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट झाल्यावर प्रवाळ त्यांच्या पाण्यासकट बादलीत काढले आणि सलाइनच्या नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी त्यांच्यावर थेंब थेंब सोडलं.

"ओता की सरळ," अजिनाथ म्हणाला. "पाव्हणे खोळंबलेत."

"भाऊजी, दोन्हीकडचा खारटपणा वेगळा असतो. एकदम सोडले तर मरतील. आणि बादलीतलं घाण पाणी टाकीत जाऊ देऊ नका."

"व्हय, व्हय. तुमी जेवून घ्या."

ती जेवून आली तर हॉलमध्ये ही गर्दी! निळे दिवे ढणाढणा पेटले होते, बादली पाण्यासकट टाकीत रिकामी झाली होती. गालात गुटखा धरलेले अजिनाथचे सहादेवमामा जिलबीच्या तुपाने माखलेला हात कोपरापर्यंत पाण्यात घालून प्रवाळ चिवडत होते. वर तुपाचा तवंग पसरला होता.

"अंगठीतलं पवळं ते ह्येच का? लई बुळबुळीत हाय!"

"दाबा अजून, मामा," अजिनाथ खिदळत व्हिडिओ घेत होता.

प्रवाळ आक्रसून गोळा झाले होते, अंगातून चिकट तार सोडत होते. अश्विनीला त्या बुळबुळीची नाही, त्या हसण्याची शिसारी आली.

"हात काढा बाहेर!" ती ओरडली. मामांनी हात काढला आणि पडद्याला पुसला.

"एवढं काय त्यात, वैनी? मेले तर दुसरे मागवू."

तिने दिवे बंद केले, बादलीत पाणी घेऊन प्रवाळ एकेक उचलले.

"हे मी नेतेय."

"माझ्या वास्तुशांतीत तमाशा करू नका!"

अजिनाथची बायको निकिता पुढे आली, बादलीवर झाकण दाबलं आणि नवऱ्याकडे न बघता बादली अश्विनीच्या गाडीपर्यंत पोचवून आली.

घरी अश्विनीने पुन्हा थेंब थेंब पाणी सोडलं. तरी बहुतेक प्रवाळ सडले. नाकाला ओढणी बांधून, चिमट्याने ती लिबलिबीत सालपटं काढताना तिच्या अंगावर शहारे येत. एक मात्र तगला. आठवड्याभराने त्याची हिरवी तोंडं उमलली, तेव्हा तिने आनंदाने निकिताला फोटो पाठवला.

थोड्याच वेळात अजिनाथचा फोन आला. "वैनी, एक जगला म्हनं! रविवारी सायबलोक येनार हायेत. घिऊन या."

त्याच्यामागे कुणीतरी खो-खो हसत होतं.

"नाही, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या टाकीत मी आता काहीच सोडणार नाही." आणि तो पुढे काय म्हणतोय ते ऐकणंही तिला नको झालं. तिने फोन कापला.