शून्याला चिकटलेलं चिन्ह

हिरवा रंग. एकोणीस काचेच्या नळ्या. कापसाचा बोळा. चारशे बारा ओळी. कलम दोन.

थांबा, नीट सांगते. नीट सांगणं सध्या जमत नाही. गेला महिनाभर जीव टांगणीला होता.

मित्रांनो, मी एक जुनी खूण आहे. एक शून्य, त्याला चिकटून एकेरी अवतरणचिन्ह, मग एखादं अक्षर: 0'a. बस, एवढीच. मी राहते ती संगणकाची भाषा तर्काची. तिच्यात माणूस नियम सांगतो, उत्तर यंत्र शोधतं. यंत्राला अक्षर कळत नाही, अक्षराचा ठरलेला आकडा कळतो. a म्हणजे सत्त्याण्णव. मी पुढे उभी राहिले की यंत्र आपणहून तो आकडा घेतं. माणसांचं पाठांतर वाचतं.

दोष एकच. माझं चिन्ह उघडतं, बंद होत नाही. यंत्राची तक्रार नाही. पण माणसं पडद्यावरच्या ज्या खिडकीत मला लिहितात, ती फसते. तिला वाटतं अवतरण सुरू झालं, आणि पुढचा सगळा मजकूर ती अवतरणाच्या हिरव्या रंगात रंगवून टाकते.

या गोष्टीतल्या आईने यावर तोड काढली होती. आई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत प्रोग्रामर होती. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम तिचा. ओळीच्या शेवटी, टीप लिहायच्या जागी, जिथे यंत्र बघतही नाही, ती एक सुटं चिन्ह ठेवायची. अवतरण बंद झालं असं वाटून खिडकी शांत. चारशे बारा ओळी, चारशे बारा सुटी चिन्हं. का ठेवली, ते कुठेच लिहिलं नाही. मला ती ‘कामाची पोर’ म्हणायची.

ती निवृत्त झाली. तिच्या खुर्चीत तिची लेक आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने साफसफाई काढली. “हा काय कचरा?” म्हणत सगळी सुटी चिन्हं पुसली. पडदा हिरवागार. हिरवं जावं म्हणून तिने प्रत्येक अक्षराच्या मागेही एक चिन्ह लावलं: 0'a'. खिडकी खूश. प्रोग्राम एकदाही न चालवता ती घरी गेली.

सकाळी यंत्र त्या मागच्या जादा चिन्हाशी अडलं. चिठ्ठ्या नाहीत. कुठली नळी कुणाची, कळेना. रक्त टाकून द्यावं लागलं. आईची जुनी प्रत परत चढवली, तेव्हा काम सुरू झालं.

लेक रडली नाही, चिडली. माझ्यावर. भाषेचे नियम ठरवणाऱ्या मंडळाकडे तिने प्रस्ताव धाडला. कलम एक: खूण दोन्ही बाजूंनी बंद असावी. म्हणजे तिने चुकून लिहिलं होतं, तेच. कलम दोन: जुनी खूण दोन वर्षांत काढून टाकावी.

कलम दोन म्हणजे मी.

स्वयंपाकघरात आईने कागद वाचला.

“स्वतःच्या चुकीचा नियम करून आणलास की. हुशार आहेस.”

“कोणीही तेच लिहिलं असतं, आई.”

“असेल. माझ्या चारशे बारा ओळींचं काय?”

“देते ना मी बदलून.”

“तू बदललेलं मी एकदा पाहिलंय.”

लेक म्हणाली, “मग तू बस शेजारी.”

नवी खूण ओळखणारी चाचणीची आवृत्ती घेऊन दोघी बसल्या. आई ओळ वाचायची, लेक बदलायची, लगेच चालवून बघायची. मी एकेका ओळीतून उठत होते.

“ती सुटी चिन्हं कशाला, लिहून का नाही ठेवलंस?”

“मला माहीत होतं ना.”

“मला नव्हतं.”

आईने चष्मा पुसला आणि पुढची ओळ वाचली.

दुसऱ्या दिवशी लेकीने मंडळाला कळवलं, कलम दोन मागे घेते. “जुनी खूण बदलताना बाकीच्यांच्या शेजारी माझी आई कुठे बसणार?” नवी खूण मंजूर झाली. आईच्या प्रोग्राममध्ये मी आता एकाही ओळीत नाही. इतरांच्या ओळींत आहे. किती दिवस, कोण जाणे. प्रत्येक बैठकीला दचकते.

मित्रांनो, मला काढायचं तर काढा. पण एखादी गोष्ट कचरा वाटली, तर ती ठेवणाऱ्याला आधी विचारा. आणि ठेवणारे तुम्ही असाल, तर का ठेवली ते लिहा. एक ओळ पुरे.

चिठ्ठ्या अडल्या त्या सकाळी एकोणीस जणांना दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागली. रांगेत तिसऱ्या नंबरवर आई होती.